काळ्या खड्याची पारख

अठराव्या शतकात युरोपातल्या एखाद्या औषधविक्यापुढे करडा, चमकदार, बोट काळे करणारा दगड ठेवला, तर तो नेमका कोणता हे सांगताना त्याची पंचाईत होई. तीन खनिजे एकाच गाठोड्यात बांधली गेली होती. पहिले गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज. आपल्याकडच्या सुरम्यात पुष्कळदा हेच असते. दुसरे ग्रॅफाइट. तिसरे मोलिब्डेनाइट. गॅलेना जड आणि ठिसूळ असल्याने निदान हातात घेतल्यावर ओळखू येई. उरलेल्या दोघांत मात्र जाणकारही फसत. दोन्ही मऊ, दोन्ही तुळतुळीत, दोन्ही कागदावर रेघ ओढणारी.

गाठोडे सोडवले ते स्वीडनमधल्या लोकांनी. बेंग्ट क्विस्ट याने १७५४ मध्ये मोलिब्डेनाइट तपासले आणि त्यात शिसे नाही असे सांगितले. त्यानंतर चोवीस वर्षांनी कार्ल विल्हेल्म शीले या औषधविक्याने त्याच्यावर नायट्रिक आम्ल ओतले. ग्रॅफाइट या आम्लाला बधत नाही. मोलिब्डेनाइटची मात्र पांढरी भुकटी झाली. म्हणजे हे दोन वेगळे पदार्थ, आणि दुसऱ्यात एक अनोळखी धातू दडलेला. तो धातू बाहेर काढण्याइतकी तापणारी भट्टी शीलेकडे नव्हती, म्हणून त्याने ते काम पीटर याकोब येल्म या मित्राकडे सोपवले. येल्मने १७८१ मध्ये ती भुकटी कोळसा आणि जवसाच्या तेलात कालवून तापवली आणि मोलिब्डेनम हाती आले. मोलिब्डेनाइट हे या धातूचे गंधकाशी झालेले संयुग, मोलिब्डेनम डायसल्फाइड.

इथवरची हकिगत रसायनशास्त्राच्या पुस्तकांत मिळते. त्या पुस्तकांत सहसा नसते ते असे, की पुढे या तिन्ही दगडांनी सेन्सर म्हणून काम केले. आज ‘द्विमिती अर्धवाहक’ म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते मोलिब्डेनाइट या कामावर शंभर वर्षांपूर्वीच हजर झाले होते. नंतर त्याला खाणीत, पोलादाच्या भट्टीत आणि ग्रीसच्या डब्यात धाडण्यात आले. त्याला नवा पदार्थ म्हणणे म्हणूनच थोडे अन्यायाचे आहे.

पहिला मान गॅलेनाचा, आणि तो मिळाला कोलकात्यात. बिनतारी लहरी पकडण्यासाठी जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्या खड्यावर धातूचे टोक टेकवले. हा जोड विजेला एका बाजूने सहज जाऊ देतो, दुसऱ्या बाजूने अडवतो. त्यामुळे उलटसुलट हेलकावणाऱ्या लहरीतून मोजता येईल असा एकतर्फी प्रवाह मिळतो. या योजनेसाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर अमेरिकेचे ७५५८४० क्रमांकाचे पेटंट २९ मार्च १९०४ रोजी मंजूर झाले. पेटंटांविषयी बोस यांना मुळीच प्रेम नव्हते. या पेटंटातला अर्धा हक्क सारा बुल या त्यांच्या अमेरिकन स्नेही बाईंच्या नावे आहे, यावरून त्यांच्यामागे कोणी लकडा लावला असेल याचा अंदाज येतो. अर्धवाहक वापरणाऱ्या उपकरणाचे हे जगातले पहिले पेटंट मानले जाते.

त्यानंतर दगड तपासण्याची लाटच आली. अमेरिकेत ग्रीनलीफ पिकार्ड याने हजारो खनिजे तारेच्या टोकाखाली धरून पाहिली. हार्वर्डच्या जॉर्ज वॉशिंग्टन पिअर्स याने १९०९ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त एक लांबलचक निबंध छापला, त्यातला एक नायक मोलिब्डेनाइट. खडा विजेला एकाच दिशेने जाऊ देतो तो टेकवलेल्या ठिकाणच्या उष्णतेमुळे, असा तेव्हा अनेकांचा कयास होता. पिअर्सने तो पारखून पाहिला आणि नाकारला. खरे कारण सांगणारे क्वांटम भौतिकी अजून दोन दशके दूर होते, पण मोलिब्डेनाइट रेडिओलहरी ओळखते हे पक्के झाले.

या खड्यांची एक खोड क्रिस्टल सेट, म्हणजे खड्याचा रेडिओ, वापरणाऱ्या प्रत्येकाला छळत असे. ‘कॅट्स व्हिस्कर’ नावाची बारीक तार खड्यावर टेकवायची, कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज येईल अशी जागा चाचपडत बसायचे. खड्याच्या एका कोपऱ्यावर गाणे ऐकू येई, केसभर बाजूला नुसती शांतता. टेबलाला धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून. एकाच खाणीतून निघालेले दोन खडे सारखे वागत नसत. हे दुखणे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ते या पदार्थाच्या मागे आजवर लागलेले आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वॉशिंग्टनच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये विल्यम कोब्लेंट्झ यांनी मोलिब्डेनाइटवर प्रकाश टाकून त्याची वीजवाहकता कशी बदलते हे बारकाईने मोजले. म्हणजे रेडिओलहरींनंतर प्रकाशाचीही परीक्षा झाली. नमुन्यानमुन्यांतला फरक इथेही आडवा आला. विसाच्या दशकात निर्वात नळ्यांचे रेडिओ स्वस्त झाले आणि खडे अडगळीत गेले.

दगडाची दुसरी कारकीर्द मात्र तेव्हा ऐन भरात येत होती. पोलादात थोडे मोलिब्डेनम घातले की ते तापूनही कणखर राहते. तोफा आणि चिलखती गाड्या बनवणाऱ्यांना हेच हवे होते. कोलोरॅडोत समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर क्लायमॅक्स नावाची खाण उघडली आणि पुढे कित्येक दशके जगातले बहुतांश मोलिब्डेनम तिथूनच निघाले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेतली क्नाबेनची खाण जर्मनांच्या ताब्यात होती. ब्रिटिश हवाई दलाच्या मॉस्किटो विमानांनी ३ मार्च १९४३ रोजी तिच्यावर बॉम्ब टाकले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानांनी तेच काम पुन्हा केले. प्रयोगशाळेत चिमटीने उचलल्या जाणाऱ्या पदार्थांत असा पूर्वेतिहास फार थोड्यांचा असेल.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दगडाचे अंतरंगही उघडे पडले. रॉस्को डिकिन्सन आणि त्यांचा विद्यार्थी लायनस पॉलिंग यांनी १९२३ मध्ये क्ष-किरणांनी मोलिब्डेनाइटची रचना शोधली. पॉलिंग यांचा हा पहिलाच छापील शोधनिबंध. त्यांना दिसले ते असे: खाली गंधकाच्या अणूंची चादर, मध्ये मोलिब्डेनमची, वर पुन्हा गंधकाची. या तिघी एकमेकींना घट्ट धरून असतात. पण अशा एका तिहेरी थरावर जो दुसरा तिहेरी थर बसतो, त्यांच्यातली ओढ अगदी दुबळी. खारीच्या बिस्किटाचे पापुद्रे सुटावेत तसे हे थर सुटतात. एका थराची जाडी ०.६५ नॅनोमीटर. मिलिमीटरभर जाडीच्या खड्यात असे सुमारे पंधरा लाख थर मावतात.

ग्रॅफाइटशी झालेल्या गफलतीचे कारणही हेच होते. दोघांचे थर सहज घसरतात, म्हणून दोघे तुळतुळीत. यंत्रवाल्यांनी हा गुण उचलला. ग्रॅफाइटला घसरण्यासाठी हवेतल्या बाष्पाची मदत लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले ग्रॅफाइटचे ब्रश कोरड्या, विरळ हवेत भराभर झिजू लागले तेव्हा हे ध्यानात आले. मोलिब्डेनाइटला बाष्प लागत नाही, निर्वातातही ते घसरते. म्हणून अवकाशयानांच्या सांध्यांत ते गेले, आणि मोटारींच्या सीव्ही जॉइंटमध्येही. कोणत्याही गॅरेजमध्ये मॉली ग्रीस मागा, काळेकुट्ट ग्रीस मिळेल. त्यातला काळेपणा या दगडाचा. तेलशुद्धीकरण कारखान्यांत डिझेलमधले गंधक काढणारा उत्प्रेरकही मोलिब्डेनम डायसल्फाइडचाच असतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवर आली ती पाळण्यात त्याचा वाटा आहे. उत्प्रेरकात थराचा सपाट चेहरा जवळजवळ आळशी असतो. काम करतात त्या कडा, जिथे अणूंची साखळी तुटलेली असते. सेन्सरच्या गोष्टीत या तुटक्या जागा पुन्हा भेटतील.

एक थर वेगळा काढून पाहावा असे कोणाला वाटले, आणि कधी? प्रचलित कथेत याचे उत्तर मँचेस्टर, २००४ असे येते. ते अर्धेच खरे आहे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रॉबर्ट फ्रिंट आणि अब्राहम योफ साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मोलिब्डेनाइटचे थर चिकटपट्टीने सोलत होते. पातळ स्फटिक प्रकाशाला कशी दाद देतात यावर त्यांचा निबंध १९६३ मध्ये निघाला. तीन वर्षांनी फ्रिंट काही थरांच्या जाडीपर्यंत पोचले. पुढे कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये थरांच्या मध्ये लिथियम घुसवून, मग पाण्यात टाकून ते पार सुटे केले. एकेरी थराचे मोलिब्डेनम डायसल्फाइड हातात होते. पण त्याचे करायचे काय हे विचारायला कोणी फारसे आले नाही. सिलिकॉनची वर्षे भरभराटीची होती. ज्या काळात गरज नसते त्या काळात लागलेल्या शोधांचे असेच होते. यात कोणाचा नाकर्तेपणा शोधू नये.

मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्तांतिन नोवोसेलोव यांनी २००४ मध्ये ग्रॅफाइटचा एकेरी थर, ग्राफीन, वेगळा केला आणि त्याचे विद्युत गुण मोजले, तेव्हा वारे फिरले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या गटाने त्याच पद्धतीने सोललेल्या पदार्थांची यादी दिली, तीत मोलिब्डेनम डायसल्फाइड होते. आणि २००७ मध्ये याच गटाने ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसताना-उठताना प्रवाहात पडणारी पायरी पकडली. ज्या पदार्थाला पृष्ठभागच आहे, आत काही नाही, त्याच्यावर बसलेला प्रत्येक रेणू सगळ्या प्रवाहाला जाणवतो. द्विमिती सेन्सरांचा सगळा हुरूप या एका विधानावर उभा आहे.

ग्राफीनची अडचण अशी, की ते कधी बंद होत नाही. त्याला ऊर्जेची फट, म्हणजे बँडगॅप, नाही. ट्रान्झिस्टर बंद करता येत नसेल तर त्यातून सतत वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहात रेणूने घडवलेला बारीक बदल हुडकावा लागतो. शीलेने आम्लाने वेगळी केलेली दोन भावंडे इथे विजेने वेगळी झाली. मोलिब्डेनाइट अर्धवाहक आहे, आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, न्यूयॉर्कमध्ये टोनी हाइन्झ यांच्या आणि बर्कलेमध्ये फेंग वांग यांच्या, दाखवले की खड्यात सुमारे १.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असलेली फट एकेरी थरात १.८ च्या वर जाते आणि तिची जातही बदलते. त्यामुळे थर चक्क प्रकाशू लागतो. लोझानच्या तंत्रसंस्थेत आंद्रास किस यांच्या गटाने २०११ मध्ये एकेरी थराचा ट्रान्झिस्टर बनवला. चालू आणि बंद अवस्थांमधल्या प्रवाहात दहा कोटी पटींचा फरक. या निबंधातला इलेक्ट्रॉनांच्या चपळाईचा आकडा मोजणीच्या पद्धतीमुळे फुगला आहे असे मायकेल फ्युरर आणि जेम्स होन यांनी २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवून दिले. सेन्सरवाल्यांचे त्याने फार बिघडले नाही. त्यांना धाव नको होती, नीट बंद होणारा दरवाजा हवा होता.

मग वायू हुंगण्याची शर्यत सुरू झाली. तिचे महत्त्व कळायला जपानमध्ये डोकवावे लागते. नाओयोशी तागुची यांनी साठच्या दशकात कथिलाच्या ऑक्साइडचा वायुसेन्सर काढला आणि १९६८ पासून तो कारखान्यात बनू लागला. स्वयंपाकघरातला सिलिंडरचा गॅस गळला की ओरडणाऱ्या यंत्रांत हाच सेन्सर घरोघर पोचला. तो स्वस्त आणि टिकाऊ, पण त्याला शेकडो अंशांपर्यंत तापवत ठेवावे लागते. हीटर सतत वीज खातो. मोलिब्डेनम डायसल्फाइड साध्या खोलीच्या तापमानाला काम करील अशी आशा होती. त्यात इलेक्ट्रॉनांचा भरणा असतो. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू पृष्ठभागावर बसला की तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, प्रवाह घटतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो, प्रवाह वाढतो. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठात हुआ झांग यांच्या गटाने नायट्रिक ऑक्साइड असे ओळखून दाखवले. अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१३ मध्ये एकेरी थरावर ट्रायइथिलअमाइन पकडले. मज्जातंतूंवर हल्ला करणाऱ्या एका वर्गाच्या विषारी वायूंचे विघटन झाले की हे रसायन उरते, म्हणून नौदलाला त्यात रस.

याच वर्षी ‘एसीएस नॅनो’त एक निबंध आला, त्याच्या लेखकांत मराठी कानाला ओळखीची वाटतील अशी काही आडनावे आहेत: लेट, शिरोडकर, वाघमारे, द्रविड, आणि शेवटी बंगळुरूचे सी. एन. आर. राव. राव यांच्या गटाने २०१० मध्येच मोलिब्डेनम आणि टंगस्टनच्या सल्फाइडांचे ग्राफीनसारखे थर रसायनाने बनवले होते. पहिले लेखक दत्तात्रय लेट पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत द्विमिती पदार्थांच्या सेन्सरांवर काम करत राहिले. या निबंधाने विचारलेला प्रश्न साधा आणि थोडा खोडसाळ होता: सगळे एकेरी थराच्या मागे धावत आहेत, पण वायू ओळखायला तोच सर्वांत चांगला कशावरून? नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया आणि दमट हवा यांवर चाचण्या झाल्या, आणि काही थरांचा ट्रान्झिस्टर सरस ठरला. ट्रान्झिस्टरची उघडझाप करणाऱ्या गेटवरचा व्होल्टेज आणि हिरवा प्रकाश यांनी त्याचा प्रतिसाद हवा तसा वळवता येई. सिंगापूरच्या गटालाही एकेरी थर चटकन प्रतिसाद देतो पण स्थिर राहत नाही, आणि दोन ते चार थर स्थिर राहतात असेच आढळले होते. सर्वांत पातळ ते सर्वांत चांगले, या घोषणेतली हवा इतक्या लवकर निघाली, पण ती घोषणा अजून व्याख्यानांतून ऐकू येते.

रक्तातले रेणू ओळखण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे झाला. देबलीना सरकार, कौस्तव बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये थरावर बायोटिन बांधले आणि त्याला बिलगणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन १०० फेम्टोमोलर इतक्या विरळ द्रावणात ओळखले. ग्राफीनच्या तशाच सेन्सरपेक्षा संवेदनक्षमता ७४ पटींहून अधिक. फटीचा फायदा याहून स्पष्ट कुठे दिसला नसेल. मात्र खऱ्या रक्तात मीठ असते, आणि त्यातले आयन प्रथिनाच्या विद्युतभाराला एका नॅनोमीटरच्याही आत झाकून टाकतात. प्रथिने पकडायला थरावर बसवतात त्या अँटिबॉडीची उंचीच दहा नॅनोमीटरच्या घरात. त्यामुळे प्रयोगशाळेतले पातळ केलेले द्रावण आणि दवाखान्यातला रक्ताचा थेंब यांत बरेच अंतर उरले.

लोझानमध्येच अलेक्झांड्रा रादेनोविच यांनी वेगळी वाट धरली. थराला इलेक्ट्रॉनांच्या झोताने काही नॅनोमीटरचे भोक पाडायचे आणि त्यातून डीएनएचा धागा ओवायचा. धागा जाताना आयनांचा प्रवाह तुंबतो आणि तुंबण्याच्या प्रमाणावरून धाग्याचे घटक ओळखायचे. सिलिकॉन नायट्राइडचे पडदे या कामाला जाड पडत, त्यांच्या भोकात एकाच वेळी धाग्याचे कितीतरी घटक गर्दी करत. ग्राफीन पुरेसे पातळ होते, पण डीएनए त्याला चिकटून बसे. मोलिब्डेनम डायसल्फाइडला तो तितका चिकटत नाही. उरला वेगाचा प्रश्न. धागा फार भरकन निसटे. २०१५ मध्ये या गटाने एका बाजूला काकवीसारखा घट्ट आयनी द्रव ठेवून त्याला मंदावले आणि डीएनएचे चारही सुटे न्यूक्लिओटाइड वेगवेगळे ओळखले.

प्रकाशाकडेही दगड परतला. किस यांच्या गटाने २०१३ मध्ये एकेरी थराच्या फोटोडिटेक्टरमधून एका वॅट प्रकाशाला ८८० अँपिअर इतका प्रतिसाद नोंदवला. कोब्लेंट्झच्या मोजणीनंतर जवळपास शतक उलटले होते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात सप्तर्षी दास यांच्या गटाने २०२० मध्ये टोळाची युक्ती उचलली. दाट थव्यात उडताना टोळ एकमेकांवर आदळत नाहीत, कारण समोरून वाढत येणारी आकृती ओळखणारी एक खास चेतापेशी त्यांच्याकडे असते. तिची नक्कल करणारा, टक्कर ओळखणारा डिटेक्टर त्यांनी मोलिब्डेनम डायसल्फाइडचा बनवला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विदर्भात टोळधाड उतरली होती. तिथल्या संत्राबागायतदारांना या कीटकाच्या चेतापेशीचे कौतुक वाटले असते की नाही, शंकाच आहे.

आता पुन्हा क्रिस्टल सेटवाल्यांच्या आणि कोब्लेंट्झच्या दुखण्याकडे. चिकटपट्टीने सोललेले दोन पापुद्रे आजही सारखे वागत नाहीत. थरात जागोजाग गंधकाचा एखादा अणू गळालेला असतो, आणि वायूचे रेणू बसायला अशाच जागा पसंत करतात. म्हणजे जो दोष सेन्सरला तीक्ष्ण करतो तोच एका सेन्सरला दुसऱ्यापेक्षा वेगळा करतो. तार टेकवायची जागा शोधणारा माणूस नकळत अशीच काही जागा शोधत होता असे म्हणायला हरकत नाही. उपाय म्हणजे दगड सोडून थर वाफेतून उगवायचा. कॉर्नेल विद्यापीठात जिवूंग पार्क यांच्या गटाने २०१५ मध्ये चार इंची चकतीवर एकसारखा थर उगवला. त्याला २६ तास लागले. शांघायच्या फुदान विद्यापीठाने २०२५ मध्ये सुमारे ५,९०० मोलिब्डेनम डायसल्फाइड ट्रान्झिस्टरांचा ३२ बिटी प्रोसेसर चालवून दाखवला. एकसारखेपणाची लढाई गणनेच्या बाजूने अशी पुढे सरकली आहे.

वायुसेन्सरांच्या बाजूने ती मंद आहे. बाजारात अजून तागुचींच्या वंशातला तापलेला कथिल ऑक्साइडच विकला जातो. खोलीच्या तापमानाला मोलिब्डेनम डायसल्फाइडवर बसलेला नायट्रोजन डायऑक्साइड पटकन उठत नाही. वायू गेला तरी सेन्सर बराच वेळ तो आहे असेच सांगत राहतो. त्याला उठवायला अतिनील प्रकाश टाकावा लागतो किंवा उष्णता द्यावी लागते. त्यामुळे जो हीटर टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तोच हीटर बारीक करून अनेक प्रयोगशाळा आता या थराखाली बसवत आहेत.